परमवीर अब्दुल हमीद : उसाच्या रानातला तो शुक्रवार

दरवर्षी १० सप्टेंबर आला की मोबाइलवर एक चित्र फिरायला लागतं. एक उघडी जीप, तिच्यावर लांब नळीची तोफ, मागे धूर आणि समोर पेटलेले रणगाडे. खाली नाव, परमवीर चक्र आणि जास्तीत जास्त दोन ओळी. त्या दोन ओळींत बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगायची असते, की बघा, मुसलमानांनीही या देशासाठी जीव दिलाय. ते खरंच आहे, त्यात शंका नाही. पण ते सांगण्याच्या घाईत अब्दुल हमीद कोण होते, त्यांनी नेमकं काय केलं आणि ते करणं किती अवघड होतं, हे सांगायचं राहूनच जातं. आज तेवढंच सांगायचं आहे.

उत्तर प्रदेशातला गाझीपूर जिल्हा. बनारसच्या पुढे, गंगेच्या काठचा. इंग्रजांच्या काळापासून अफूच्या कारखान्यासाठी ओळखला जाणारा. इथल्या धामूपूर गावात १ जुलै १९३३ रोजी अब्दुल हमीद यांचा जन्म झाला. वडील मोहम्मद उस्मान शिंपीकाम करायचे. आईचं नाव सकीना बेगम. (योगायोग बघा, १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत शहीद झालेले 'नौशेराचा शेर' ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान हेही याच पट्ट्यातले. त्यांचं बीबीपूर गाव आता शेजारच्या मऊ जिल्ह्यात आहे.)

घरची परिस्थिती बेताचीच होती. शाळा फार झाली नाही. वडिलांच्या हाताखाली शिलाईचं काम शिकले, पण मन मशीनवर कमी आणि बाहेर जास्त. कुस्ती, पोहणं, लाठी, गलोल. गलोलीनं अचूक नेम धरणारा पोरगा म्हणून गावात त्यांचं नाव होतं, असं घरचे सांगत आले आहेत. अशा आठवणींना नंतर थोडा रंग चढतो, हे मान्य. पण पुढे जे झालं ते बघता नेमाची गोष्ट खरी असावी असंच वाटतं. रसूलन बीबींशी निकाह झाला. चार मुलगे आणि एक मुलगी असा संसार वाढला.

२७ डिसेंबर १९५४ ला ते फौजेत भरती झाले. रेजिमेंट ग्रेनेडियर्स. या रेजिमेंटचं मूळ आपल्याकडच्या जुन्या बॉम्बे आर्मीत आहे, एकेकाळी तिचं नावच बॉम्बे ग्रेनेडियर्स होतं. उत्तर हिंदुस्थान आणि राजस्थानातले मुसलमान जवान तिच्यात पिढ्यान् पिढ्या भरती होत आलेले. त्यामुळे शिंप्याच्या या मुलाला तिथं वेगळं वाटण्याचं काही कारण नव्हतं. त्यांना चौथी बटालियन मिळाली, म्हणजे फौजेच्या भाषेत ४ ग्रेनेडियर्स. शेवटपर्यंत ते तिथेच राहिले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटलं, तेव्हा ही बटालियन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, नामका चू नदीच्या भागात होती. तिथं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुती कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यावर हजारो फूट उंचीवर उभी केलेली ब्रिगेड दिवसाभरात फुटली. जे परत आले त्यांत अब्दुल हमीद होते. हातात पुरेसं हत्यार नसताना समोरून लोंढा आला की काय होतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या गोष्टीत ही आठवण लक्षात ठेवायला हवी.

त्यांची खरी ओळख होती ती एका हत्याराशी. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन, फौजेत तिला आरसीएल म्हणतात. साधी तोफ गोळा सोडताना मागे जोरात धक्का देते, म्हणून ती भक्कम आणि जड असावी लागते. आरसीएलमध्ये गोळा पुढे जातो आणि जळालेला वायू नळीच्या मागच्या तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे धक्का जवळपास बसतच नाही. म्हणून एवढी मोठी तोफ साध्या जीपवर बसवता येते. हा झाला फायदा. तोटा असा की गोळा सुटताच मागे आग, धूर आणि धुळीचा मोठा लोट उठतो. गोळा कुठून आला हे शत्रूला लगेच कळतं. जीपला चिलखत नाही, वर छत नाही, चालवणारा आणि गोळा भरणारा दोघंही उघड्यावर. एक गोळा मारला की तिथून हललंच पाहिजे. दुसरा तिथूनच मारायला थांबलात तर संपलात.

शिवाय रणगाड्याचं पुढचं चिलखत सगळ्यात जाड. म्हणून बाजूला जायचं, त्याला जवळ येऊ द्यायचं, नेम पक्का झाल्याशिवाय हात हलू द्यायचा नाही. वाचायला सोपं आहे. पंचेचाळीस टनांचं धूड जमीन हादरवत आपल्याकडे येत असताना गप्प बसून राहणं ही वेगळी गोष्ट. हे काम अब्दुल हमीद यांनी जवळपास पाच वर्षं केलं. बटालियनच्या रणगाडाविरोधी तुकडीचे ते प्रमुख होते आणि त्यांच्याइतका चांगला आरसीएल चालवणारा बटालियनमध्ये दुसरा नव्हता. नंतर बढती मिळून ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले. हे पद म्हणजे कंपनीच्या भांडाराचं. गणवेश, रेशन, सामान यांचा हिशेब. तोफेपासून ते लांब गेले होते.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोरी सुरू झाली आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत युद्धच पेटलं. सुट्टीवर घरी आलेल्या अब्दुल हमीद यांना परत जावं लागलं. निघतानाची एक आठवण रसूलन बीबी पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. सामान बांधताना होल्डॉलचा पट्टा तुटला आणि सगळं सामान विखुरलं. त्यांना तो अपशकुन वाटला. आजची रात्र थांबा, उद्या जा, अशी त्यांनी विनवणी केली. अब्दुल हमीद थांबले नाहीत.

बटालियनमध्ये पोहोचल्यावर वेगळाच प्रश्न उभा होता. आरसीएल तुकडीचा प्रमुख त्या वेळी हजर नव्हता. कमांडिंग ऑफिसरनी भांडारावरच्या हवालदाराला बोलावलं आणि तुकडी पुन्हा त्यांच्या हाती दिली. परमवीर चक्राची गोष्ट खरं तर इथून सुरू होते. एका अधिकाऱ्याला ठाऊक होतं की हे काम कोणाला सगळ्यात चांगलं येतं, आणि ज्याला येत होतं तो हिशेबाच्या वह्या बाजूला ठेवून जीपवर चढला.

आता जागा समजून घेऊ. पंजाबात, अमृतसरच्या दक्षिणेला, सरहद्दीलगत खेमकरण हे गाव. तिथून भिखीविंडकडे रस्ता जातो. ६ सप्टेंबरला आपल्या फौजेनं सरहद्द ओलांडली होती, पण खेमकरणच्या बाजूला गणित फसलं. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन तिथं उतरली. तिच्याकडे अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते, त्या काळात या भागात त्यांच्या तोडीचं दुसरं काही नाही असा त्यांचा दबदबा. बेत असा की खेमकरण घ्यायचं, भिखीविंडच्या रस्त्यानं पुढे सरकायचं, बियास नदीवरचा पूल गाठायचा. तो पूल गेला असता तर अमृतसरसकट मोठा मुलूख बाकीच्या देशापासून तुटला असता.

समोर होती आपली चौथी माउंटन डिव्हिजन. नेफात १९६२ मध्ये मोडली ती हीच डिव्हिजन, पुन्हा बांधलेली. माउंटन डिव्हिजन म्हणजे डोंगरात लढण्यासाठी बनवलेली, आणि इथं मैदान सपाट, समोर रणगाडे. खेमकरण सोडून तिला मागे यावं लागलं. मग असल उत्तर नावाच्या खेड्याच्या आसपास, घोड्याच्या नालेसारख्या आकारात, तिनं मोर्चे बांधले. कालव्याचं पाणी सोडून शेतं भिजवली गेली. मागे आपलेही रणगाडे दबा धरून होते, त्यांतले बरेच शर्मन, दुसऱ्या महायुद्धातले. हा सापळा टिकायचा तर पुढे बसलेल्या पायदळानं जागा सोडायची नव्हती. ४ ग्रेनेडियर्स चीमा गावाच्या पुढे, भिखीविंडच्या रस्त्यावर होती. म्हणजे नेमकी पॅटन यायच्या वाटेवर.

८ सप्टेंबरच्या सकाळी रणगाडे आले. चारी बाजूंना उभी पिकं, त्यांत बराचसा ऊस. अब्दुल हमीद यांनी जीप त्या पिकांत लपवली आणि वाट पाहिली. पुढचा रणगाडा अगदी जवळ आला तेव्हाच गोळा सोडला. तो पेटला. मागच्या रणगाड्यांतली माणसं रणगाडे तसेच टाकून पळाली. त्या दिवशी पुन्हा हल्ला झाला, पुन्हा तेच घडलं. दुसऱ्या दिवशी वरून विमानं आली, तोफा धडाडत राहिल्या. तरी बटालियन हलली नाही, आणि जीपवरची ती तोफ दरवेळी नव्या जागेवरून बोलत राहिली.

१० सप्टेंबर १९६५, जुम्याचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास पॅटन रणगाड्यांची एक अख्खी रेजिमेंट चीमाच्या पुढच्या मोर्चांवर चालून आली. आधी तोफांचा प्रचंड मारा, मग रणगाडे. तासाभरात ते पुढच्या कंपन्यांच्या जागांत घुसले. आता सगळं पायदळ चिरडलं जाणार, हे अब्दुल हमीद यांच्या लक्षात आलं. चहूकडून गोळे पडत असताना ते जीप घेऊन बाजूला सरकले आणि सगळ्यात पुढचा रणगाडा टिपला. लगेच जागा बदलली. दुसरा टिपला.

पण आता लपायला जागा उरली नव्हती. गोळ्यामागचा तो धूर शत्रूनं हेरला होता. रणगाड्यांच्या मशीनगन आणि तोफा त्या एका जीपवर वळल्या. फौजेचा नियम सांगतो, अशा वेळी निघायचं. त्यांना तो नियम इतरांपेक्षा जास्त ठाऊक होता. तरी तिसऱ्या रणगाड्यावर ते गोळे सोडत राहिले, आणि त्याच वेळी शत्रूचा स्फोटक गोळा त्यांच्यावर येऊन पडला.

वय बत्तीस वर्षं आणि दोन महिने.

मोर्चा टिकला. ४ ग्रेनेडियर्सनी जागा सोडली नाही. सापळ्यात घुसलेले पॅटन चिखलात आणि उसात अडकले, मागे दबा धरलेल्या रणगाड्यांनी आणि तोफखान्यानं त्यांना गाठलं. लढाई संपली तेव्हा त्या मैदानात शंभराच्या आसपास पाकिस्तानी रणगाडे जळालेले, मोडलेले किंवा जसेच्या तसे टाकून दिलेले पडले होते. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ ओळीनं उभे केले गेले, आणि त्या जागेला लोकांनी पॅटन नगर हेच नाव दिलं. आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं जे संग्रहालय आहे तिथं पॅटन पाहायला मिळतो. कधी गेलात तर त्याच्या शेजारी उभे राहा आणि मनात एक जीप उभी करा. मग त्या जवानानं काय केलं ते कळेल, चित्र बघून कळत नाही.

त्यांनी एकूण किती रणगाडे मारले, यावर वाद आहे. परमवीर चक्राच्या अधिकृत मजकुरात फक्त १० तारखेची सकाळ आहे, त्यात दोन उद्ध्वस्त केलेले आणि तिसऱ्यावर मारा चालू असताना आलेलं मरण. तिन्ही दिवसांचा हिशेब लावणारे सात म्हणतात, कोणी आठ. सोशल मीडियावर तर आकडा दरवर्षी वाढतो. माझं मत विचाराल तर आकडा वाढवायची गरजच नाही. उघड्या जीपवरून एक पॅटन मारून जिवंत परत येणं हीच मोठी गोष्ट. ते तीन दिवस त्यांनी ती पुन्हा पुन्हा केली.

१६ सप्टेंबरला, म्हणजे शहादतीनंतर सहाव्याच दिवशी, परमवीर चक्र जाहीर झालं. युद्ध तेव्हा चालूच होतं. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते, संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. त्याच १६ सप्टेंबरला सियालकोटच्या आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर रणगाड्यात शहीद झाले, मुंबईत जन्मलेले पारशी. १९६५ च्या युद्धात परमवीर चक्र मिळालं ते या दोघांनाच. २६ जानेवारी १९६६ ला दिल्लीत राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी तो सन्मान स्वीकारला. गाव सोडून फारशी कुठं न गेलेली एक तरुण विधवा, घरी पाच मुलं, आणि समोर अख्खा देश.

पुढची वर्षं मात्र अशी झगमगती नव्हती. नाव मोठं झालं. गाझीपूरचेच लेखक राही मासूम रझा यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, नाव ठेवलं 'छोटे आदमी की बड़ी कहानी'. (हेच राहीसाहेब ज्यांनी नंतर टीव्हीवरच्या 'महाभारत'चे संवाद लिहिले.) १९८८ मध्ये चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी ही भूमिका केली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना अब्दुल हमीद हे नाव पहिल्यांदा तिथेच भेटलं. जानेवारी २००० मध्ये पोस्टानं तीन रुपयांचं तिकीट काढलं, त्यावरही ती जीप आहे.

पण धामूपूरमध्ये आठवण सांभाळायचं काम एका बाईनं केलं. रसूलन बीबी थकल्या नाहीत. २००८ मध्ये त्या लखनौला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या. घराचं स्मारक व्हावं, गावात सैन्यभरतीचं केंद्र यावं, शहादतीचा दिवस देशभर पाळला जावा, असं त्यांचं मागणं होतं. स्वतःसाठी त्यात फार काही नव्हतं. मुलं मोठी झाली, नातवंडं आली, आणि दर सप्टेंबरला गावातल्या स्मारकावर कार्यक्रम करायचा त्यांचा नेम चालू राहिला. डोळ्यांदेखत एकदा तरी लष्करप्रमुख गावात यावेत ही इच्छा होती. १० सप्टेंबर २०१७ ला जनरल बिपिन रावत धामूपूरला आले. रसूलन बीबी तेव्हा खूप थकल्या होत्या. २ ऑगस्ट २०१९ ला त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्यानंतरही हे काम संपलेलं नाही. २०२४ मध्ये एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात अब्दुल हमीद यांच्यावर धडा आला, ही आनंदाची बातमी होती. आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्याच गावातल्या शाळेच्या भिंतीवरून, रंगरंगोटी करताना, त्यांचं नाव गायब झालं. घरच्यांनी आवाज उठवला, बातम्या आल्या, मग नाव पुन्हा लिहिलं गेलं. एकाच वर्षाच्या आत दिल्लीत धडा छापला जातो आणि गावात नाव पुसलं जातं, याला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट दुसरीच. अब्दुल हमीद यांचं नाव आपण फार वेळा पुराव्यासारखं वापरतो. कुणी बोट दाखवलं की आपण घाईघाईनं त्यांचा फोटो पुढे करतो, जणू ते आपल्या वतीनं कुठल्यातरी परीक्षेला बसले होते. ते परीक्षेला बसले नव्हते. त्या सकाळी त्यांच्या मागे मोर्चांत बसलेली पोरं होती, त्यांच्या बटालियनची, रोज त्यांच्याकडून रेशन आणि कपडे घेणारी. रणगाडे त्यांच्या अंगावर चालले होते. ते थांबवायचं कसं हे तिथं ज्यांना सगळ्यात चांगलं येत होतं, ते पुढे गेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आपल्या मुलांना सांगायचं तर मी हाच शब्द आधी सांगेन, शहीद नंतर.

असल उत्तरला, जिथं ते पडले तिथंच, त्यांची कबर आहे. पंजाबच्या त्या भागात आता मुसलमान वस्ती नावालाच. तरी बटालियनचे लोक येतात, आसपासच्या खेड्यांतले शीख शेतकरी येतात, १० सप्टेंबरला फुलं वाहिली जातात. धामूपूर तिथून हजारभर किलोमीटरवर. भोवतालच्या रानांत अजूनही पिकं उभी असतात.